परतलेल्यांची पंगत

शिवनेरीच्या कड्यात कोरलेल्या बौद्ध लेण्यांत ब्राह्मी लिपीतील एक आखूड शिलालेख आहे. गत नावाच्या समूहातील चिट नावाच्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला, एवढीच नोंद त्यात आहे. त्याच परिसरात इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या आणि मानमोडीच्या लेण्यांत चंद नावाच्या तिसऱ्याने गर्भद्वार करविले. परंतु या तिघांत माझे मन चिटापाशीच अधिक रेंगाळते. ज्याला येथील लोक यवन, म्हणजे बाहेरचाच, म्हणत राहिले, त्या माणसाने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, या डोंगरकपारीत आपले नाव मागे ठेवावयाचे ठरविले तेव्हा, स्तंभ नाही, प्रतिमा नाही, तर अनेकांनी एकत्र बसून जेवावे अशी एक जागा निवडली, ही गोष्ट मला जुन्नरच्या इतिहासातील मोठमोठ्या राजघटनांइतकीच मोलाची वाटते. पुष्कळ फिरलेला, परक्या ताटात जेवण्याची सवय झालेला माणूस लहान वस्तीत कसा रुळतो, हा प्रश्न या मुलखाला दोन हजार वर्षांचा परिचित आहे.

आज हा प्रश्न पुन्हा नव्याने पडतो तो बेल्ह्यासारख्या कसब्यात. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस, कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाटा मागे टाकून आणे घाटाकडे निघाले की बेल्हे लागते. तालुक्याच्या पश्चिमेला मावळाचा धुवाधार पाऊस आणि भाताची खाचरे, तर पूर्वेला बाजरी, हुलगा, मठ आणि अलीकडे कांदा. बेल्हे या कोरड्या अंगाचे गाव. मुंबईत तीस-तीस वर्षे नोकरी करून, कोणी जहाजावर, कोणी कंपनीच्या फिरतीवर, कोणी थेट आखाती मुलखात राहून, निवृत्तीनंतर येथे येऊन घर बांधणारे आता पुष्कळ झाले आहेत. आणि ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलू लागले म्हणजे पाण्याची, विजेची, दवाखान्याची तक्रार होऊन गेल्यावर संभाषण हटकून जेवणावर येते. रात्री नऊनंतर कोठे काही मिळत नाही, नवे काही चाखावयास मिळत नाही, घरात तेच ते, अशी ती तक्रार असते. ती खोटी नाही. परंतु तिच्यामागे जी समजूत दडलेली आहे, की प्रवास आणि बाहेरचे जेवण ही शहराची मिरास आणि गाव म्हणजे या दोहोंचा अभाव, ती मात्र या भूमीच्या इतिहासाला धरून नाही.

जुन्नर हे मुळात वाटेवरचे शहर. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून उतरलेला माल नाणेघाटाने वर चढे आणि पठारावरून पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि गाई, घोडे, कार्षापणे यांच्या दानांची यादी आहे. आणि लेण्याजवळ तो भला मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असे परंपरा सांगते. जेथे जकात तेथे तांडा, जेथे तांडा तेथे मुक्काम, आणि जेथे मुक्काम तेथे अन्न विकणारा व अन्न देणारा, हे दोघेही असावयाचेच. जुन्नरच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. त्यांनी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. धान्यवाल्यांचा संघ दान देण्याइतका सधन होता, याचा अर्थ स्वतःच्या शेतातले न खाता विकत घेऊन खाणारी माणसे या गावात मुबलक होती, असाच करावा लागतो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, एक घोडा विकण्यासाठी बरोबर घेऊन, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने येथेच काढला. चार महिने अहोरात्र पाऊस आणि जिकडे तिकडे पाणी व चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरचा बहमनी सुभेदार असदखान याने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो व वर सोन्याची नाणीही देतो असे बजावले, तेव्हा एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली, ही हकीकतही त्यानेच दिली आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या दोन नोंदी अधिक महत्त्वाच्या आहेत. परदेशी व्यापारी येथे सरायांत उतरतात आणि तेथील यजमानीण त्यांच्यासाठी अन्न शिजविते, ही पहिली. आणि दुसरी अशी की, या देशातील लोक परस्परांशी अन्नव्यवहार करीत नाहीत, वाटेने जाताना प्रत्येकाजवळ आपापले भांडे असते आणि जो तो आपापले शिजवून खातो. एकीकडे सर्वांसाठी रांधणारी सराई आणि दुसरीकडे तीन दगडांच्या चुलीवर एकट्याने रटरटणारे भांडे, ही दोन चित्रे एकाच प्रवाशाने एकाच देशात पाहिली. मला वाटते, आपल्याकडील बाहेरच्या जेवणाचा सारा इतिहास या दोन चित्रांच्या दरम्यान घडला आहे.

या इतिहासातला कटू भाग झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गावची पंगत सुंदर होती असे म्हणणाऱ्याने ती कोणासाठी सुंदर होती हेही सांगितले पाहिजे. पंगतीला मान होता, मानाला क्रम होता, आणि क्रमाच्या शेवटी असलेल्यांना, ज्यांच्या श्रमावर गावगाडा चालत होता त्या माणसांना, अंगणाबाहेर बसावे लागत होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान घातले आणि शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले, या घटनेचे माहात्म्य ज्याने गावची पंगत पाहिली आहे त्यालाच पुरते कळेल. पैसे टाकले की शेजारी कोण बसला आहे याची चौकशी न होता ताट समोर येते, ही शहरातील उपाहारगृहांनी दिलेली सवलत कित्येकांच्या आयुष्यातील पहिली समता होती. तेव्हा मुंबईहून परतलेल्या एखाद्या वृद्धाला गावी आल्यावर हॉटेलची आठवण येते, ती नेहमीच जिभेच्या चोचल्यांपायी येते असे समजू नये.

वाटेवरचा हा मुलूख वाटेपासून तुटला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आली, १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून वर चढली, आणि या दोन लोहमार्गांच्या बेचक्यात जुन्नर राहून गेले. नाणेघाटाने बैलांच्या पाठीवरून होणारी वाहतूक हळूहळू आटली. ज्या पठाराने शतकानुशतके परक्यांना जेवू घातले, त्या पठारावरची माणसे आता दुसऱ्यांच्या दारी जेवावयास जाऊ लागली. कारण त्याच सुमारास मुंबईत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहत होती, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने कोरडवाहू गावांचे कंबरडे मोडले होते. १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डरीची सोय केली आणि बेल्हे, आणे, आळे या पट्ट्यातील संसार त्या मनीऑर्डरीच्या आधाराने उभे राहू लागले. बाप्या मुंबईत, बायकामुले गावी, असे विभागलेले घर चार पिढ्यांच्या अंगवळणी पडले.

मुंबईत त्यांचे जेवण कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. गावाच्या नावाने घेतलेली एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी दहा-वीस माणसे, आणि दोन वेळच्या जेवणासाठी खानावळ. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. गिरणगावातील एखादी बाई, बहुधा स्वतःच कष्टात असलेली, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत या माणसांची भाकरी थापी आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. संपाच्या महिन्यांत हा हिशेब थकला तरी ताट थांबत नसे. या बायांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या स्त्रियांच्या श्रमाची पहिल्याने जाहीर नोंद झाली. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना याहून अधिक जागा द्यावयास हवी होती. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या डबे पोचविण्याच्या धंद्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले या तालुक्यांची माणसे आली आणि तो धंदा त्यांचाच होऊन गेला. कारकुनाला कचेरीत घरचे जेवण मिळावे म्हणून ही माणसे लोकलच्या गर्दीतून डबे वाहून नेत होती, आणि त्यांची स्वतःची घरे मात्र घाटाच्या वर, शंभर मैल दूर होती.

त्याच मुंबईने त्यांना दुसरेही काही चाखविले. इराण्याच्या संगमरवरी टेबलावरचा ब्रून-मस्का, दादरला मामा काण्यांच्या उपाहारगृहातील पदार्थ, माटुंग्याला १९४२ पासून चालू असलेल्या रामा नायकांच्या उडुपी भोजनालयातील केळीच्या पानावरचे जेवण, सणावारी एखादे खिमा-पावाचे दुकान. या साऱ्यांतून साध्या शेतकऱ्याच्या मुलाची जीभ घडत गेली. पुढची पिढी शिकली, कारकून झाली, विक्रेता झाली, इंजिनिअर झाली, देशभर आणि देशाबाहेर हिंडली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपानंतर हजारो माणसे एकदमच गावाकडे वळली. त्यांचे परतणे नाइलाजाचे होते. आजचे निवृत्त परतात ते बहुधा स्वेच्छेने. पण गावात पुन्हा रुळण्याची अडचण दोघांचीही एकच.

मीही याच परतलेल्यांपैकी एक आहे, आणि पुष्कळ वर्षे हॉटेलांच्या जेवणावर काढल्यामुळे मला जे जाणवले ते येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. शहरात माणूस जेवण निवडतो. कसब्यात जेवणाची तिथी, वार आणि ऋतू माणसाला निवडतात. बेल्ह्याचा आठवडे बाजार सोमवारचा. सोमवारी घरात मेथी, शेपू, कोथिंबीर येते आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी पालेभाजी होते. बुधवार-गुरुवारी वांगी, गवार, घेवडा. शनिवारी पिशवीच्या तळाशी दोन बटाटे आणि मिरच्या राहतात, तेव्हा पिठले होते किंवा हुलग्याच्या पिठाची शेंगोळी रटरटते. आणि रविवारी डब्यातल्या मटकीवर भागते. प्रारंभी मला हे दारिद्र्य वाटले. पुढे ध्यानात आले की हा आठवड्याचा क्रम आहे, बाजाराची वहिवाट जितकी जुनी तितकाच तोही जुना आहे, आणि शनिवारची शेंगोळी सोमवारी कोणी केली तर घरातले म्हातारे माणूस आजही विचारते, "का गं, बाजार नाही का केला?"

हा बाजारच खरे पाहता बेल्ह्याचे बाहेरचे जेवण आहे. येथील बैलबाजार लांबवर नावाजलेला. सकाळपासून टेम्पोंतून बैल उतरतात. खिल्लार, गावठी, डांगी अशी जनावरे दावणीला उभी राहतात. गिऱ्हाईक जबडा उघडून दात पाहते आणि आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे वय ठरविते, मग शिंगांवरून, खुरांवरून, शेपटीच्या गोंड्यावरून हात फिरवून चार पावले चालवून बघते. भाव बोलून ठरत नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक एका उपरण्याखाली हात घालतात, बोटे दाबली जातात, मुद्रेवर कसलीही रेषा उमटत नाही, आणि भोवती जमलेल्या दहाजणांना आकडा कळत नाही. ट्रॅक्टर आले तसा औताच्या बैलांचा खप उतरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शर्यतीच्या खोंडांचाही भाव पडला. २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून या दावणीवर पुन्हा मोठमोठे आकडे दाबले जाऊ लागले आहेत. व्यवहार जुळला की दोन्ही पक्ष चहाला जातात. भज्यांच्या कढईचा धूर, जिलेबीचे तबक, गोडीशेव, रेवडी, आणि घरी नेण्यासाठी कागदात बांधलेला भेळभत्ता. बैल न घेता आलेला माणूसही भेळभत्ता घेतल्याशिवाय घरी जात नाही, कारण दारात पोरे वाट पाहत असतात.

घरच्या स्वयंपाकघरातही असा एक पदार्थ आहे की ज्याने मला, इतके ठिकठिकाणचे खाऊन आल्यावर, नम्र केले. मासवडी हे या जुन्नर-आंबेगावच्या टापूचे खरे वैभव. शेजारच्या मावशींच्या चुलीपाशी बसून मी ती होताना पाहिली. तीळ, सुके खोबरे, कांदा आणि लसूण खमंग भाजून, वाटून सारण तयार असते. मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडून, गुठळी होऊ न देता, मनगटाचा सारा जोर लावून ते घोटतात. पीठ पातेल्याची कड सोडू लागले की ओल्या फडक्यावर तीळ-खोबरे भुरभुरून त्यावर ते गरमागरम थापतात. यात क्षणाचाही विलंब चालत नाही, निवले की पीठ चिरते. वर सारण पसरून, फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून, ती दोन्ही बाजूंनी दाबतात, तेव्हा तिला माशासारखा आकार येतो. नंतर वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर, बाजरीच्या भाकरीशी वाढायच्या. मांसाहार न करणाऱ्या घरी जावई आला, किंवा वारीचा माळकरी पाहुणा आला, तर त्याच्या मानाला कमी पडू नये म्हणून हा एवढा खटाटोप. आणि मटणाच्या ताटाशेजारी हे ताट ठेवले तर दोन्हीकडे घाम सारखाच फुटतो. आळेफाटा-नारायणगावच्या बाजूला हॉटेलांच्या पाट्यांवर आता मासवडी ठळक अक्षरांत झळकते, आणि पुण्या-मुंबईचे लोक तिच्यासाठी मोटार थांबवितात. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली, आज कल्याण-नगर आणि पुणे-नाशिक हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. रेल्वेने जे नेले त्यातले पुष्कळसे डांबरी रस्त्याने परत आणले.

परंतु रुळणे ही गोष्ट पदार्थाने होत नाही. गावात राहावयास आल्यावर पहिले काही महिने मी आमंत्रणे टाळीत असे. शहरात कोणाकडे जेवावयाचे तर वेळ ठरवून, आणि येथे तर वाटेत भेटलेला माणूस "चला, जेवून जा" म्हणतो आणि नाही म्हटले तर मनास लावून घेतो. जेवण ही माझ्या मते खाजगी गोष्ट होती. गावाच्या मते ती हजेरी होती. वास्तविक पूर्वीच्या नोकरमाणसांनी हा गुंता फार समंजसपणे सोडविला होता. चैत्रात गावोगावच्या यात्रा येतात तेव्हा डबेवाले आजही काही दिवस सगळा धंदा बंद ठेवून गावी येतात, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांना त्याची आगाऊ सूचना दिलेली असते. पाहुणे म्हणून ही माणसे येत नसत. यात्रेच्या वर्गणीत मुंबईकरांचा वाटा वेगळा लिहिलेला असे, मंदिराच्या सभामंडपात त्यांच्या मंडळाच्या नावाची फरशी असे, आणि पंगत बसली की मुंबईचा माणूस कमरेला पंचा बांधून बादली हाती घेई. वर्षभर दुसऱ्याच्या हातचे खाणाऱ्याला त्या एका दिवशी वाढण्याचा अधिकार मिळे, आणि त्या अधिकारामुळेच त्याचे गावातले नाव अकरा महिन्यांच्या गैरहजेरीतही खोडले जात नसे.

मला ही रीत समजावयास वेळ लागला नाही, कारण सप्ताह आला. अखंड हरिनाम सप्ताहात घरटी भाकरीचा आकडा ठरलेला असतो. सायंकाळी पोरे टोपल्या घेऊन आळीआळीने फिरतात आणि ज्या त्या घरच्या भाकरी गोळा होतात, काही पातळ, काही जाड, काही एका कडेला करपलेल्या. आमटी मात्र एकाच कढईतली. आता कोणाची भाकरी कोणाच्या ताटात पडते याचा विचार कोणी करीत नाही, आणि निकितिनने पाहिलेल्या त्या एकएकट्या भांड्यांच्या देशात हे घडावे, यास मी लहान गोष्ट मानीत नाही. घाटाच्या वर आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीस आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो, त्याला साऱ्या पठारावरची माणसे लोटतात. झणझणीत आमटी आणि बाजरीची भाकरी, दुसरे काही नाही, आणि तरी लग्नाच्या जेवणाहून त्याची आठवण लोक अधिक काढतात.

आमच्या सप्ताहात गेल्या वर्षी एका तरुणाने माझ्या हाती आमटीची बादली दिली. तो म्हणाला, "काका, बसून काय राहिलात, त्या शेवटच्या रांगेला कोणी नाही." वाढताना डाव काठोकाठ भरायचा नाही, ताट ओलांडायचे नाही, म्हाताऱ्यांना भाकरी कुस्करून झाल्याखेरीज आमटी घालायची नाही, हे मला त्या रांगेतच बसलेल्यांनी शिकविले. रांग संपेपर्यंत तिघांनी माझे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि आमच्या पडक्या वाड्याची जागा विचारून घेतली होती, आणि चौथ्याने, माझ्याकडे न पाहता, पुढच्या सोमवारी बाजाराला जाताना आपल्या टेम्पोत जागा असल्याचे सांगून ठेवले होते.